मानाचा गळ

६ सप्टेंबर १९९८, रविवार

उद्यापासून पितृपक्ष, म्हणून आजच उरकलं. चिंचणीचे तामोरे आले होते. मुलगा अमोल, त्याची आई आणि वडील हरेश्वरराव. अमोल आणि आमची तृप्ती सातपूरच्या एकाच कंपनीत आहेत. लग्न करायचं हे दोघांनी आपापसांत ठरवून टाकलंय, आपण फक्त हो म्हणायचं. मी म्हटलं. सौ.नेही दोन दिवस अबोला धरून मग म्हटलं. अडचण हरेश्वररावांची होती. मंडळी किनाऱ्यावरची. हे स्वतः हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण सकाळ-संध्याकाळ गळ घेऊन खडकावर बसतात. घाटावरची सून त्यांना नको होती. आल्यापासून ताठ बसले होते. पोह्यांना हात लावला नाही.

मग त्यांना फोटो दिसला.

फोटो हॉलमध्ये, देव्हाऱ्याशेजारी. १९७१, डहाणू, बी.एस्सी.ची सहल. माझ्या दोन्ही हातांवर बारा किलोची घोळ मासळी. हरेश्वरराव उठले, चष्मा काढला, नाक काचेला लागेल इतके जवळ गेले. बराच वेळ बघून म्हणाले, ‘डोळा बघा हिचा.’ घोळीचा डोळा त्यांना फार आवडलेला दिसला. तृप्ती म्हणाली, ‘बाबांनी पकडलीय. गळाने.’ ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘असं?’ मी हसलो. एवढंच. नंतर त्यांनी पोहे खाल्ले, वर मागून घेतले आणि म्हणाले, ‘ज्या घरात देवाशेजारी मासा लावतात तिथे आमचं जमेल.’

जाताना दारात चपला घालताना सहज म्हणाले की थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं होतं. मुलगा डिप्लोमाला नापास होता आणि सांगितलं पास. ‘नापास चालला असता हो. खोटं नाही चालत.’

नोंद प्रामाणिक हवी म्हणून लिहितो. ती घोळ मी पकडलेली नाही. डहाणूच्या बाजारात एका बाईच्या टोपलीत होती. तिने फोटोपुरती धरू दिली. पण ‘मी पकडली’ हे वाक्य सत्तावीस वर्षांत माझ्या तोंडून एकदाही गेलेलं नाही. मी ‘डहाणूची घोळ’ म्हणतो. पुढचं लोक आपल्या मनाने जोडतात. लोकांच्या मनावर माझा ताबा नाही.

उद्या तृप्तीला खरं सांगणार.

७ सप्टेंबर, सोमवार

नाही सांगितलं. पितृपक्ष लागला. शुभ बोलणी या पंधरवड्यात करत नाहीत. हे बोलणं शुभ की अशुभ यावर लॅबमध्ये दुपारभर विचार केला. शुभ असेल तर आत्ता नको. अशुभ असेल तर मुळीच नको.

१० सप्टेंबर, गुरुवार

झोपण्याआधी एक आठवलं आणि उठून बसलो. तृप्ती पाचवीत असताना ‘माझे बाबा’ हा निबंध होता. तिने लिहिलं होतं, ‘माझ्या बाबांनी समुद्रात बारा किलोचा मासा पकडला.’ वही माझ्याकडे सहीला आली होती. मी शुद्धलेखन तपासलं आणि सही केली.

सही म्हणजे बोलणं होतं का? माझ्या मते नाही. लॅबमध्ये पाण्याच्या रिपोर्टवर मी रोज सही करतो, पण पाणी काही मी बनवत नाही.

तरी बरं वाटत नाहीये.

१५ सप्टेंबर, मंगळवार

हरेश्वररावांचं आंतरदेशीय आलं. हेडमास्तरी अक्षर. सारांश: नवरात्र संपल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यांच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांचा मेळावा असतो. आश्विनात पाणी निवळतं, मासा काठाशी येतो. यंदा ४ ऑक्टोबर. भरती किती वाजता हे काढायची पद्धतही लिहिली आहे: तिथीची पाऊणपट करा. त्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे साडेदहा. वर लिहिलंय की इतकी चांगली भरती आणि रविवार असा योग वर्षातून एकदाच येतो.

आता मुख्य भाग. मेळाव्यात पहिला गळ पाहुण्याचा. त्याला ‘मानाचा गळ’ म्हणतात. पाहुण्याला पहिला मासा लागेपर्यंत दुसऱ्या कुणाचाही गळ पाण्यात पडत नाही. यंदाचे पाहुणे: श्री. वाल्मीक बोराडे, नाशिक.

म्हणजे मी.

शेवटी एक ओळ आहे की पाहुण्याची इच्छा नसल्यास त्याने मान यजमानाकडे द्यावा. ही सोय अगदी म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी असावी. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

तृप्तीने पत्र तीनदा वाचलं. मैत्रिणीला फोन करून सांगितलं. ‘माझ्या बाबांना मान दिलाय.’ तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. अशा वेळी सांगणं क्रूरपणा झाला असता.

१६ सप्टेंबर, बुधवार

उपाय सापडला. सकाळी बॉयलरच्या पाण्याचे सँपल तपासताना सुचला. चार तारखेच्या आत गळाने मासा पकडायचा. कुठलाही. म्हणजे ‘बाबांनी गळाने मासा पकडलाय’ हे तृप्तीचं वाक्य खरं होईल. तारखेचा थोडा मागेपुढे फरक, बाकी सत्य. मग चिंचणीला जायला माझं मन स्वच्छ.

अठरा दिवस आहेत. मी केमिस्ट आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेवीस वर्षं पाण्यातले क्षार मोजतोय. खाऱ्या पाण्याबद्दल मला फार शिकावं लागेल असं वाटत नाही.

२० सप्टेंबर, रविवार

गंगापूर धरण. सोबत मंगळू. हा पेठकडचा, धरणावर गळ टाकतो, मासे कॉलेज रोडवर विकतो. त्याला मी सांगितलं की समुद्रावर जायचंय, तयारी करून दे. म्हणाला, ‘साहेब, दर्याचं मला नाय म्हाईत. म्या त्यो अजून बघितलाच नाय.’ माणसं विनयाने असं बोलतात.

आमिष शिकलो. कणीक, हळद, हिंग, चिमूटभर गूळ. घट्ट मळून बोराएवढा गोळा गळाला लावायचा. मंगळू म्हणतो, रोहू यावर जीव टाकतो. मंगळूला सात मासे लागले. मला एकही नाही, पण माझी बसायची पद्धत बरोबर आहे असं तो म्हणाला.

येताना त्याच्याकडून बांबूची काठी, तंगूस आणि शिशाचं वजन आणलं. तंगूस म्हणजे ती नायलॉनची दोरी. शब्द आता जमतायत.

२१ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. सौ. म्हणाली, ‘नऊ दिवस ती काठी माझ्या घरात नको.’ मी म्हटलं काठीने अजून कुणालाही काही केलेलं नाही. म्हणाली, ‘ते माहितीये मला.’

हे ‘माहितीये’ कसलं, यावर विचार करतोय. काठी लॅबमध्ये ठेवली.

२३ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी क्वार्टरच्या गच्चीवर गळ फेकण्याचा सराव. पहिले तीन छान. चौथ्या फेकीत शिसं शेजारच्या खंडेराव पगारांच्या डिश अँटेनाला लागलं. पगार वर आले. म्हणाले, ‘बोराडेसाहेब, मासे खाली असतात.’ क्रिकेट मॅच चालू होती, ती गेली. दिलगिरी व्यक्त केली. सराव उद्यापासून मैदानावर.

तृप्ती गच्चीच्या दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, ‘बाबा, इतक्या वर्षांनी हात बसायला वेळ लागणारच ना.’

सांगायची उत्तम संधी होती. पगार तिथेच होते म्हणून राहिलं.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

देवळ्याला यादवला फोन केला. यादव सहलीत माझ्याबरोबर होता, तो फोटो त्यानेच काढला. म्हणजे खरं माहीत असलेला जगात एकच माणूस. तृप्तीच्या लग्नात तो येणार, चारचौघांत काही बोलला तर? आडून आडून विचारलं की डहाणूचं काही आठवतं का. म्हणाला, ‘न आठवायला काय झालं! तू येताना एष्टीत दोनदा ओकलास. ड्रायव्हरने उतरवून बस धुवायला लावली.’ मी म्हटलं, आणि मासा? म्हणाला, ‘कसला मासा?’

तो निश्चिंत होऊन कांद्यांबद्दल बोलू लागला. मलाही निश्चिंत वाटायला हवं होतं. उलट वाटलं की ती घोळ माझ्याशिवाय आता कुणाच्याच आठवणीत नाही, आणि तरी ती सगळ्यांना माहीत आहे.

२७ सप्टेंबर, रविवार

आज लागला! गंगापूर, सकाळी ९.१०. रोहू, वीतभर.

तपशील प्रामाणिकपणे: काठी माझी. गोळा माझ्या हातचा. तंगूस ताणली तेव्हा मी डब्यातून शेंगदाणे काढत होतो, म्हणून काठी मंगळूने उचलली आणि ओढली. पण मासा काठीला लागतो, माणसाला नाही. मी मंगळूला विचारलं, हा मासा कुणी पकडला म्हणायचा? तो म्हणाला, ‘तुमीच म्हना की साहेब, माझं काय जातंय.’

या उत्तराने समाधान होत नाही. पाण्यात परत सोडायला सांगितला. मंगळूने पिशवीत टाकला.

आज रात्री तृप्तीला सांगणार होतो. पण नवरात्रात घरात मुलीला दुखवू नये.

१ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी शस्त्रपूजा. पाटावर विळी, पाना, माझा कॅल्क्युलेटर, तृप्तीचं कंपनीचं ओळखपत्र. एवढ्यात तृप्ती लॅबमधून आणलेली काठी घेऊन आली आणि पाटावर ठेवली. सौ. काही बोलायच्या आत तिने काठीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल बांधलं. म्हणाली, ‘अमोलचे बाबा किनाऱ्यावर सगळ्यांना सांगतायत की नाशिकचे व्याही येणार. बाबा, हसू होऊ देऊ नका हां.’

तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. ‘तृप्ते, ऐक’ एवढं म्हणालोही. ती म्हणाली, ‘काय?’ मी म्हणालो, ‘फूल घट्ट बांध.’

उद्या नक्की. उद्या शुक्रवार, काही सण नाही, कुठलाही पंधरवडा नाही, कारणच उरलेलं नाही.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

गांधी जयंती. आज खरं बोलायला हरकत नव्हती, उलट दिवसच तो. पण सुट्टी असल्याने घरात पाहुणे.

कणीक मळून घेतली. दोन किलो. डब्यात ओल्या फडक्याखाली ठेवली.

३ ऑक्टोबर, शनिवार

त्र्यंबक, जव्हार करत बस संध्याकाळी पोहोचली. उलटी झाली नाही. हा चांगला शकुन. तामोऱ्यांच्या शेजारच्या घरात आमची सोय केली आहे. हरेश्वररावांच्या आई नवसाबाई ऐंशीच्या आहेत, दात नाहीत, सगळं ऐकू येतं. माझा डबा बघून विचारलं, ‘याच्यात काय?’ मी म्हटलं आमिष. झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘जेवून झोपा.’

समुद्र जवळून ऐकला. गंगापूर धरण आवाज करत नाही. हा मुद्दा लक्षात आला, पण आता उशीर झाला आहे.

४ ऑक्टोबर, रविवार

(खिशातल्या डायरीत, खडकावर उभ्या उभ्या. बघणाऱ्यांना वाटावं, भरतीची नोंद घेतोय.)

७.३०. माणसं मोजली. बत्तीस. सगळ्यांच्या काठ्या आडव्या, मांडीवर. तृप्ती आणि अमोल मागच्या खडकावर. सौ. वाळूत, सावलीला.

७.४५. हरेश्वररावांनी नारळ फोडला. मला टोपी घातली. एकाने ताज्या कोळंबीचा वाडगा पुढे केला. म्हटलं, ‘राहू द्या, आमचं नाशिकचं वेगळं असतं.’ कुजबुज झाली. आदराची असावी.

७.५०. पहिली फेक. लांब गेली. टाळ्या.

८.०५. काही नाही. संयम हाच या खेळाचा आत्मा.

८.२०. ओढून पाहिलं. गळ रिकामा. गोळा नाही. मासा हुशार आहे, नुसतं खाऊन गेला. म्हणजे मासे आहेत.

८.४५. तिसरा गोळा गेला. तंगूस एकदाही हलली नव्हती.

८.५०. कळलं. मासा खात नाहीये. लाट खातेय. धरणाचं पाणी उभं असतं, इथे दर मिनिटाला पाणी आपटतं, कणीक टिकणार कशी? तेवीस वर्षं पाण्यात काय विरघळतं आणि काय नाही याचा पगार घेतो मी. पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा हे सांगेल.

९.००. समोर, पंचवीस हातांवर, पाणी अचानक चमकलं. बोयट माशांचा थवा. एक जण ताडकन उभा राहिला, काठी अर्धी वर, माझ्याकडे बघितलं आणि परत बसला.

९.१५. हरेश्वररावांनी अमोलबरोबर कोळंबी पाठवली. ‘बाबा म्हणतायत, लावून तर बघा.’ नाही म्हणालो. का नाही म्हणालो? घेतली असती तर विचारलं असतं, मग तासभर काय केलंत? खरं उत्तर एवढंच आहे.

९.३०. नवसाबाई वाळूतून ओरडल्या, ‘ओ व्याही! माशांना चपात्या घालताय काय? भाजी पण द्या!’ बत्तीस जण हसले. मीही हसलो. तृप्ती हसली नाही.

९.४०. पाण्यात पडावं का, असा विचार केला. पाय घसरून, सहज. पाणी गुडघ्याएवढं आहे. पुरणार नाही. पडूनही उठावं लागेल आणि काठी परत हातात देतील.

९.५०. मान यजमानाकडे देता येतो, ही पत्रातली ओळ आठवली. फक्त वळून म्हणायचं, ‘मास्तर, तुम्ही टाका.’ तीन शब्द. दोन तासांपूर्वी हे नम्रपणाचं ठरलं असतं. आता ती कबुली ठरेल. दर मिनिटाला ते तीन शब्द जड होतायत.

१०.०५. कणीक संपली. दोन किलो. गळ नुसताच टाकला आहे. हे मला आणि समुद्राला माहीत.

१०.१०. तृप्ती खडकावर उतरून शेजारी आली. हळूच म्हणाली, ‘बाबा, गळाला काही आहे ना?’

मी म्हणालो, ‘आहे.’

हे सत्तावीस वर्षांतलं पहिलं सरळ खोटं. यात शब्दांचा काहीही आडोसा नाही.

१०.३०. भरती पूर्ण. तिथीची पाऊणपट. अगदी बरोबर.

१०.५०. पाणी उतरायला लागलं. हरेश्वरराव उठले, आपली कोरडी काठी पुसली. एकेक करून सगळे उठले. एखाद्याने तरी शिवी द्यायला हवी होती.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०. जव्हार स्टँड

बस अर्धा तास थांबणार आहे. तृप्ती तिच्या आईजवळ, माझ्यापासून तीन सीट पुढे. आत्ता लिहिलं नाही तर नंतर मी ते बदलेन, म्हणून लिहितो.

जेवणाआधी हरेश्वररावांना ओट्यावर गाठलं. अमोल होता, तृप्ती होती. म्हणालो, ‘मला गळ टाकता येत नाही. ती घोळ बाजारातली होती.’

ते म्हणाले, ‘ठाऊक आहे.’

मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून परत सांगितलं. म्हणाले, ‘अहो, सहा तारखेलाच कळलं. घोळीचा डोळा आत बसला होता. कालचा मासा. नुकत्या काढलेल्या माशाचा डोळा असा नसतो. म्हटलं तुम्हाला, डोळा बघा. अमोलच्या आईलाही बसमध्ये म्हटलं, माणसाला पकडता येत नाही, पण मिरवायची हौस आहे. म्हणजे माशावर जीव आहे. आपल्याला तेवढं पुरे.’ मग म्हणाले, ‘मानाचा गळ मुद्दाम दिला. वाटलं, काठी हातात आल्यावर पाच मिनिटांत म्हणाल, मास्तर, तुम्हीच टाका. सगळे हसतील, मी टाकीन, संपलं. तशी ओळसुद्धा लिहिली होती पत्रात.’

मी म्हटलं, वाचली होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शाळेत एवढ्यानेच पोरं रडवत असणार. शेवटी म्हणाले, ‘फोटोतलं खोटं फोटोत राहिलं असतं, बोराडे. त्याने कुणाचं काही गेलं नसतं. पण बत्तीस माणसांची भरती तुम्ही घालवलीत. त्यातले वीस जण आठवडाभर कंपनीत खपतात, त्यांना हाच एक रविवार होता.’ लग्नाचं विचारलं तेव्हा म्हणाले, ‘बघू दिवाळीच्या सुमारास.’ आणि आत गेले.

आतापर्यंत ते मला व्याही म्हणत होते. बोराडे पहिल्यांदाच म्हणाले.

स्टँडपर्यंत चालताना तृप्ती एवढंच म्हणाली, ‘फोटोचं मला काही वाटत नाही. तुम्ही नुसतं मला येत नाही म्हणाला असतात ना बाबा, तरी चाललं असतं.’ थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, ‘मी गळाला काही आहे का विचारलं तेव्हा मला रिकामा गळ दिसत होता. लाट मागे गेली की दिसत होता.’

कंडक्टरने घंटी मारली.

७ ऑक्टोबर, बुधवार

तृप्ती कामापुरतं बोलते. ‘पाणी तापलंय.’ ‘चावी कुठेय.’ अमोलचा फोन आला की गच्चीवर जाते आणि लवकर खाली येते. पूर्वी लवकर येत नसे.

आज डब्यात चपात्या होत्या. खाल्ल्या नाहीत.

१० ऑक्टोबर, शनिवार

माफीचं पत्र लिहायला घेतलं. बत्तीस जणांना मिळून एक. सात पानं झाली. पहिल्या दोन पानांत पार्श्वभूमी, तिसऱ्यात स्थिर आणि वाहत्या पाण्यातला फरक, चौथ्यात मी ‘पकडली’ हा शब्द न वापरल्याबद्दल, पाचव्यात निबंधाची सही, सहा-सातमध्ये भरती. टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो. आलो तर तृप्ती वाचत होती. सातही पानं वाचली, घडी घातली, ड्रॉवरमधून एक पोस्टकार्ड काढून समोर ठेवलं. म्हणाली, ‘यावर मावेल तेवढंच खरं असतं.’

चार कार्डं फाडली. पाचवं असं झालं: ‘मला गळ टाकता येत नव्हता. येतो असं दाखवलं. तुमची भरती माझ्यामुळे गेली. माफ करा. वा. सा. बोराडे.’

जागा उरली होती. खुलासा लिहायला हात शिवशिवत होता. तृप्ती शेजारी उभी राहिली, कार्ड घेतलं आणि स्वतः पेटीत टाकून आली.

१४ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर नाही. लॅबमध्ये एकच सँपल तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच आलं. पाणी खोटं बोलत नाही वगैरे लिहिणार होतो, नाही लिहीत.

सौ.ला विचारलं की तुला घोळीचं कधी कळलं. म्हणाली, ‘लग्नानंतर आठ दिवसांत. तुम्हाला बोंबील साफ करता येईना. म्हटलं, यांनी घोळ कुठून ओढली?’ तेवीस वर्षं का बोलली नाहीस, म्हटलं. म्हणाली, ‘तुम्ही त्या फोटोखाली बसून चहा पिताना बरे दिसायचात.’

१७ ऑक्टोबर, शनिवार

चिंचणीहून पाकीट आलं. तृप्तीने उघडलं, वाचलं, माझ्या हातात दिलं आणि गच्चीवर गेली. अजून खाली आलेली नाही. तासाभराच्या वर झाला.

पत्र: ‘तुमचं कार्ड किनाऱ्यावर वाचून दाखवलं. बत्तीसपैकी सव्वीस म्हणाले सोडून द्या. सहा जण अजून रागावलेले आहेत. सोबत त्यांची नावं. लग्नाच्या पंगतीत त्या सहा जणांना तुम्ही स्वतः वाढायचं, पोट भरेपर्यंत, मध्ये उठायचं नाही. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर, इथेच. येताना कणीक आणू नये. आईने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.’

सोबत एक फोटो. अमोलने काढलेला. रंगीत, मोठा. मी टोपी घालून खडकावर, काठी ताठ, मान अभिमानाने समुद्राकडे. माझ्या मागे बत्तीस माणसं, मांडीवर काठ्या, सगळ्यांची नजर माझ्या पाठीवर. गळ पाण्याबाहेर आलाय, हवेत आहे. बारकाईने पाहिलं तर त्याला काहीही नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी तृप्तीने स्टूल घेऊन घोळ खाली उतरवली आणि त्याच खिळ्याला नवा फोटो लावला. देव्हाऱ्याशेजारी. मी म्हटलं, इथेच? म्हणाली, ‘इथेच.’ जुना माझ्या कपाटात, या डायरीखाली ठेवला आहे.

आठ वाजता दूधवाला सावळीराम आला. नवीन फोटो बघून आत डोकावला. म्हणाला, ‘अरे वा साहेब, समुद्रावर! केवढा लागला?’

‘सुटला’ हा शब्द तोंडात तयार होता. चांगला शब्द आहे. जो लागलाच नाही तो सुटला म्हणायला तांत्रिकदृष्ट्या हरकत नाही. तृप्ती पातेलं घेऊन दारात उभी होती.

म्हणालो, ‘लागलाच नाही.’

सावळीरामने माप भरलं, पातेल्यात ओतलं, पुन्हा एकदा फोटोकडे नीट बघितलं. म्हणाला, ‘मग फोटो कशाला लावलाय?’

तृप्ती माझ्याकडे बघत होती. खुलासा सात पानांचा झाला असता, म्हणून मी तिच्या हातून पातेलं घेतलं आणि दूध तापवायला ठेवलं.